बानेट थंड होईपर्यंत

गादी भिंतीवर उन्हात टाकली होती. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, गेंदालालच्या ट्रकच्या अड्ड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या दुनियेला दिसेल अशी. प्रतापरावांनी ती टांग्यात बसल्याबसल्या ओळखली. लाल-हिरव्या काठाच्या जुन्या महेश्वरी लुगड्याची गादी, वर काळ्या दोऱ्याचे मोठे मोठे टाके, एका कोपऱ्यात बिडीनं जळालेलं भोक. मारुतीची गादी. त्याच्या बायकोनं, गंगूबाईनं, आपलं नेसतं लुगडं फाडून शिवलेली. कित्येक वर्षं ती प्रतापरावांच्या ट्रकात, स्टिअरिंगच्या मागं, मारुतीच्या बुडाखाली असायची, आणि आज ती इथं, गिरणीच्या भोंग्याखाली, मजेत ऊन खात पडली होती. टांगेवाल्यानं घोडा थोपवला आणि मागं वळून पाहिलं. प्रतापरावांनी थांब म्हटलंच नव्हतं. त्यांच्या घशातून नुसता एक आवाज निघाला होता.

आता ज्याला ट्रकवाल्यांचं काही माहीत नाही त्याला वाटेल, एक गादी, त्यात काय एवढं. पण या लोकांत रीत आहे. गाडी मालकाची, डिझेल-पेट्रोल मालकाचं, टायर मालकाचे, पण बुडाखालची गादी ड्रायव्हरची स्वतःची. तो जाईल तिथं ती जाते. आणि नोकरी सोडायची असली की हे बहाद्दर तोंडानं काही सांगत नाहीत. आधी गादी नव्या मालकाकडे पोचवतात. गादी पोचली म्हणजे जबान दिली. मग हातातली खेप पुरी करायची, गाडी आणून जुन्या मालकाच्या दारात उभी करायची आणि चाललो म्हणायचं. मारुती आत्ता मुंबईहून परत येत होता, संध्याकाळपर्यंत यायला पाहिजे होता. म्हणजे हा माणूस गेला तो उघड्या फळीवर बसून गेला, आणि मानपुरच्या घाटातले सगळे खड्डे उघड्या फळीवर खात परत येऊन राहिला होता. जाताना प्रतापरावांसमोर हात जोडून, 'येतो सरकार' म्हणून गेला होता. त्या वेळीच खाली गादी नव्हती. प्रतापरावांनी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बुडाखाली काय आहे ते मालकानं पाहत बसायचं का?

प्रतापरावांकडे ट्रक तीन आणि ड्रायव्हर आता हा एकच उरला होता. बाकीचे दोन ट्रक पलासियाच्या घरामागं, पागेत, तोंडं भिंतीकडे करून उभे होते. पुढच्या हप्त्यात सरकारी काम सुरू व्हायचं होतं. मध्यभारत सरकारची तर गंमतच. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, त्यामुळं दिवाळी झाली की सरकार आपल्या टेबलं-खुर्च्या, अलमाऱ्या आणि बाबूलोक ट्रकात भरून उत्तरेला निघतं, भटक्या तमाशासारखं. हे काम मिळवायला प्रतापराव स्वतः सेक्रेटरिएटच्या व्हरांड्यात उभे राहिले होते, ज्याच्या बापानं आपल्या बापाला मुजरे केले असतील अशा एका कारकुनासमोर. निदान एक गाडी चालली पाहिजे, हिरा, आणि तिच्यावर मारुती. तो गेला तर काम गेंदालालकडे जाईल. आणि मग तिन्ही ट्रक विकायचे, आणि मग पागा रिकामी, आणि प्रतापराव म्हणजे पलासियाच्या एका घरात राहणारा, फेटा बांधून सकाळी टांग्यात बसणारा एक माणूस. यापुढं त्यांचा विचार जात नव्हता. यापुढं भिंत होती.

भिंतीपाशी खाटेवर गेंदालाल बसला होता. बनियन, उघडे दंड, मांडीवर पितळेचा डबा, पान लावत. हा आधी बारदान विकायचा, फाटकी पोती शिवून. आता त्याच्याकडे ट्रकच ट्रक. आणि त्याचे ड्रायव्हर त्याला मालक म्हणत नाहीत, शेठ म्हणत नाहीत, भिया म्हणतात, भाऊ म्हणावं तसं. भिया, चाबी ठेवली. भिया, सकाळी येतो. बस्स. खाटेच्या एका टोकाला भिया आणि दुसऱ्या टोकाला, पाय वर घेऊन, लक्ष्मण. हाच लक्ष्मण पूर्वी प्रतापरावांचा दुसरा ट्रक, बिजली, चालवायचा, आणि त्यांच्यासमोर कधी बसलेला कुणी पाहिला नव्हता. आत्ता त्यानं पाय खाली घेतले, पण सावकाश, जसं काही पाय खाली घेणं ही त्याची मेहेरबानी. गेंदालालनं हाक मारली, "आओ रावसाब, चाय पियो. आपका मारुती भी आज से अपने इधर है." त्यात काही कुजकेपणा नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. तो खरोखरच चहा पाजून राहिला होता. प्रतापरावांनी टांगेवाल्याला चल म्हटलं. टांगेवाला हसला की काय कोण जाणे. त्याची पाठ तरी हसल्यासारखी वाटली.

परत येताना सगळं शहर त्यांना नकोसं झालं. गिरणीवरून सुटलेले लोक, अंगाला कापूस चिकटलेले, रस्त्याच्या मधून चालत होते, टांगा आला तरी हलत नव्हते. पूर्वी हलले असते. पूर्वी आबासाहेबांची, म्हणजे प्रतापरावांच्या वडिलांची, रिसालदार जयसिंगरावांची घोडी दिसली की रस्ता आपसूक दुभंगायचा. आता ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर एकच, काय करून घेणार आहेस. आणि हे ड्रायव्हर तर या सगळ्यांचा अर्क. काय कमी केलं होतं त्यांना? पगार गेंदालाल देतो तेवढाच. दसऱ्याला कपडा. आजारी पडले तर खुद्द मालकीणबाई, इंदुमतीबाई, घरातून काढा पाठवायच्या. तरी एक-एक करून गेले, आणि जाताना एक-एक झूठ सांगून गेले. लक्ष्मण म्हणाला टायर घासलेत, घाटात भीती वाटते. नवे टायर घातले त्याच आठवड्यात गेला. उदयसिंह म्हणाला देवासला आई आजारी आहे, तिच्याजवळ राहायचंय. महिन्यानं तो गेंदालालच्या गाडीवरून हॉर्न वाजवत पलासियावरूनच गेला. कृष्णराव म्हणाला हवा मानवत नाही. ट्रक ड्रायव्हरला हवा मानवत नाही! ज्या जातीला बोनेटमधल्या धुरात झोप लागते तिला पलासियाची हवा मानवत नव्हती. प्रतापराव प्रत्येकाचं कारण शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, मूळचंच पाणी नाही यांच्यात. चार पिढ्या एका घरी राहणं यांच्या रक्तातच नाही. पाखरं. दाणा दिसला की उडाले. पण दाणा सारखाच होता, हे त्यांना कळायचं, आणि मग विचार तिथंच खरडत राहायचा.

घोड्यांचं तसं नसतं. हिरा ही खरी घोडी होती, ट्रक नंतरचा. बिजली आणि नीलम पण. रियासत विलीन झाली, पागा मोडली, तेव्हा प्रतापरावांनी घोडी विकून महूच्या छावणीत लष्कराच्या लिलावातून हे तीन ट्रक घेतले आणि त्यांना त्याच घोड्यांची नावं दिली. लोक म्हणाले शौकीन माणूस. शौक कसला? शिस्त. पागेची सगळी शिस्त त्यांनी जशीच्या तशी ट्रकना लावली. दसऱ्याला झेंडूच्या माळा, बोनेटला हळदकुंकू. आणि रोजचा नेम एकच, पण पक्का. गाडी बाहेरून आली की ड्रायव्हरनं तिला सोडून जायचं नाही. बानेट, हे लोक त्याला बानेटच म्हणायचे आणि आता प्रतापरावही म्हणायला लागले होते, बानेट थंड होईपर्यंत ड्रायव्हरनं गाडीपाशी उभं राहायचं. मग प्रतापराव घरातून यायचे, बानेटवर तळहात ठेवायचे, थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे, आणि म्हणायचे, जा, जेव. मगच सुट्टी. गरम लागलं तर म्हणायचे, दमवलीस तिला, आणि परत आत जायचे, आणि ड्रायव्हर उभा. मुंबईहून आला असला तरी उभा. घर चार पावलांवर असलं तरी उभा. घोडं दौडून आलं की त्याला गरम अंगानं सोडून स्वारानं जेवायला बसणं म्हणजे गुन्हा, हे आबासाहेबांनी शिकवलं होतं. दमलेल्या जनावराआधी माणसानं पाणी प्यायचं नाही. यात कुणाला अपमान वाटावा असं काय आहे, असा प्रश्न प्रतापरावांना कधी पडलाच नव्हता. श्वास घेण्यात अपमान वाटतो का?

ते स्वतः किती उभे राहिले होते. लहान होते तेव्हा. त्यांच्या बहिणीचं, सुलोचनेचं, लग्न होऊन ती धारला निघाली त्या दिवशीसुद्धा. सकाळी आबासाहेबांनी त्यांना हिरावर बसवून वरातीच्या वाटेवर पाठवलं होतं, आले तेव्हा घोडी फेसाळलेली. दारात मोटार उभी, आत बायकांचा रडण्याचा आवाज, आणि त्यांना धावत जायचं होतं. आबासाहेब पागेच्या दारात उभे राहिले. नुसतं घोडीकडे बघितलं. मग प्रतापराव तिथंच राहिले, हिराच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे, हात लावून. तिथली कातडी ओली, गरम, आतून काळजाचे ठोके हातावर आदळायचे. पलीकडच्या बाजूला घोड्यांची निगा राखणारा घरचा सईस पांडुरंग, मारुतीचा बाप, तोबरा घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, जा छोटे सरकार, मी बघतो. ते गेले नाहीत. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, रडणं मोठं झालं, मग लांब गेलं, मग धूळ तेवढी पागेच्या दारातून आत आली. त्या वेळी हिरानं मान वळवली आणि त्यांच्या केसांत फुंकरल्यासारखा श्वास सोडला, दाण्याच्या वासाचा. नंतर केव्हातरी आबासाहेब आले, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, दोन्ही हातांखाली घोडीची छाती, आणि म्हणाले, बस्स. जा, जेव. सुलोचना पुढं बाळंतपणात गेली, धारलाच. तिचा शेवटचा चेहरा प्रतापरावांना आठवत नाही, कारण तो त्यांनी बघितलाच नाही. पण ते गेले नाहीत याचा अभिमान त्यांना आजही वाटतो. वाटतो का? वाटतोच. हे असं घडतं माणूस. हे त्या खाटेवर पाय वर घेऊन बसणाऱ्यांना काय कळणार?

घरी इंदुमतीबाईंनी ताट वाढलं होतं. त्यांनी एकदा चेहरा बघितला आणि विचारलं, काय झालं. प्रतापराव म्हणाले, मारुत्या चालला. त्यांनी भाकरीवर तूप सोडलं. मग बरंच काही प्रतापराव बोलले. की या लोकांना उपकाराची जाण नाही. की पांडुरंगाचा मुलगा म्हणून त्याला पोटच्यासारखा वागवला, ड्रायव्हिंग शिकायला महूला पाठवला. की बाकीचे हलकट होते ते होते, पण निदान गाडी जपायचे. उदयसिंह तर मुंबईहून यायचा आणि बानेट असं, असं गार असायचं की हात ठेवताच सुट्टी द्यावी लागायची, इतक्या हलक्या हातानं चालवायचा, म्हणून तर त्याला दसऱ्याला आबासाहेबांचा जरीचा फेटा दिला सगळ्यांसमोर. इंदुमतीबाई उठून पाणी आणायला गेल्या आणि तिथून, स्वयंपाकघरातूनच, पाठमोऱ्या म्हणाल्या,

"पोतं टाकायचे ते."

प्रतापरावांना कळलं नाही. त्यांनी विचारलं कसलं पोतं. इंदुमतीबाई तांब्या घेऊन परत आल्या आणि अगदी साध्या आवाजात, जसं काही भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, सांगायला लागल्या. गावात शिरताना नवलख्याजवळ विहीर आहे ना, तिथं सगळे थांबायचे. पोतं भिजवून बानेटवर टाकायचे, पाणी शिंपडायचे, चहा प्यायचे, मग तसंच पोतं वर घेऊन सावकाश गाडी आणायची आणि शेवटच्या वळणावर काढून आत फेकायचं. लक्ष्मण टाकायचा, उदयसिंह टाकायचा, सगळे टाकायचे. पोतीही गेंदालालच्याच दुकानातली, तो हसून फुकट द्यायचा म्हणे. गंगूबाईनं सांगितलं होतं. प्रतापरावांनी विचारलं, कधी. त्या म्हणाल्या, झाली असतील दोन-तीन वर्षं.

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही त्याला फेटा देऊन आला होता. मग काय बोलू?"

जेवण तसंच राहिलं. दुपारी ते पलंगावर आडवे झाले आणि डोळ्यांसमोर तो फेटा यायला लागला. ओल्या बारदानाला जरीचा फेटा. फेटा बांधलेला उदयसिंह गेंदालालच्या खाटेवर बसून गोष्ट सांगतो आहे, हात असा पसरून, डोळे मिटून, प्रतापरावांची नक्कल करत, जा, जेव. सगळे हसून राहिलेत. टांगेवाला हसतोय. सेक्रेटरिएटमधला कारकून हसतोय. अख्ख्या इंदुरात एक माणूस सोडून सगळ्यांना माहीत, आणि त्या एका माणसाची बायको तर गेली दोन-तीन वर्षं त्याला वाढता वाढता मनातून हसून राहिली असेल, किंवा हसत नसेल, कीव करत असेल, आणि ते जास्त वाईट. त्यांना तळहाताची किळस आली. ज्या हातानं डोळे मिटून ते इतकी वर्षं काहीतरी ऐकत होते तो हात विहिरीचं पाणी तपासत होता. त्यांनी हात चादरीला पुसला. मग वाटलं, चोर. नुसते पळपुटे नाहीत, चोर. बरं झालं गेले. घाण गेली. पण तरी त्या चोरांना उभं राहायला लागतच नव्हतं, तरी का गेले? मारुतीही पोतं टाकत असेल? त्याचं बानेट तर नेहमी गरम असायचं. नेहमीच. तो सगळ्यात जास्त उभा राहायचा. प्रतापराव त्याला कितीदा म्हणाले होते, उदयसिंहाकडून शिक जरा, दमवतोस तू तिला. मारुती खाली बघून हसायचा. हे आठवलं आणि प्रतापराव उठून बसले. घामानं पाठ चिकटली होती आणि बाहेर थंडीचे दिवस होते.

गाडी ऊन उतरल्यावर आली. आधी लांबून तिचा आवाज, तो त्यांना ओळखू यायचा, दुसरा गिअर टाकताना ती नेहमी खोकल्यासारखी करायची. मग फाटकातून तोंड आत. मारुतीनं गाडी नेहमीच्या जागी लावली, इंजिन बंद केलं आणि उतरला. उतरताना त्यानं एक हात कमरेवर ठेवला. आत सीटवर नुसती फळी होती आणि तिच्यावर एक वर्तमानपत्र, बसून बसून काळं झालेलं. प्रतापरावांनी ते पाहिलं. आज पाहिलं. मारुती सवयीनं बानेटपाशी जाऊन उभा राहिला, हात मागं बांधून, अगदी त्याचा बाप उभा राहायचा तसा. चेहऱ्यावर रस्त्याची धूळ, डोळे लाल. प्रतापरावांच्या मनात आलं, म्हणजे आजही उभा राहणार हा, गादी गेंदालालकडे पोचवून आज पुरता उभा राहणार, आणि मग चाबी देणार. इतका व्यवस्थितपणा! त्यांना त्याची चीड आली. चोरांची येत होती त्यापेक्षा जास्त.

ते म्हणाले, गादी पाहिली तुझी, उन्हात होती. मारुती म्हणाला, हो सरकार. ढेकूण झाले होते. मग प्रतापरावांनी विचारलं का चाललास. मारुती म्हणाला, घर लांब पडतं. त्याचं घर पलासियाच्या मागंच होतं, प्रतापरावांनीच दिलेल्या खोलीत. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, बायकोचा भाऊ परदेशीपुऱ्यात आहे. प्रतापराव हसले. म्हणाले, कृष्णरावाला हवा मानवत नव्हती, तुला मेव्हणा मानवतो. बापाचं नाव काढलंस. पांडुरंग या पागेत मेला, आणि तू त्या पोती विकणाऱ्याच्या खाटेवर जाऊन बस. तो चहा देईल. भिया म्हण त्याला.

मारुतीनं बानेटकडे पाहिलं. मग म्हणाला,

"मी पोतं नाही टाकलं, सरकार. कधीच नाही टाकलं."

"माहीत आहे."

"सगळे म्हणायचे, येडा आहेस काय बे, टाक, कुणाला कळतंय. मला वाटायचं, बाप राहायचा ना उभा. आपणही राहावं." तो थांबला. त्याला शब्द सापडत नव्हते आणि प्रतापरावांना ते सापडायला नको होते. "पण सरकार, बाप उभा राहायचा तर घोडं त्याच्याकडे बघायचं. बाप सांगायचा, हिरा मान वळवायची म्हणून. मतलब, तिला कळायचं कुणी आहे. इथं मी इतकी वर्षं उभा राहून राहिलो, हिला कुठं कळतंय?"

"आम्ही बघत होतो ना."

"तुम्ही बानेट बघत होता, सरकार."

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रागाला उत्तर असतं. त्यानं ते गेंदालालनं चहा विचारावा तसं म्हटलं. प्रतापरावांना, इतक्या वर्षांनी, केसांवर तो दाण्याच्या वासाचा श्वास जाणवला, आणि पागेच्या दारातून आत येणारी धूळ. त्यांनी ते झटकलं. सईसाचं पोर. गाडीनं याच्याकडे बघावं म्हणे. उद्या म्हणेल टायरनं रामराम करावा. या लोकांशी बोलायला गेलं की हे असं होतं, अंगावर येतात. त्यांनी हात पुढं केला. मारुतीनं चाबी दिली. चाबी गरम होती, त्याच्या मुठीतली.

त्यांनी थांब म्हटलं असतं. आतून तो शब्द वर आलाही होता, मारुती, थांब, उभं राहू नकोस उद्यापासून, एवढंच म्हणायचं होतं, आणि पुढच्या हप्त्यात हिरा ग्वाल्हेरच्या रस्त्याला लागली असती. पण तो म्हणायचा म्हणजे आधी पलीकडचं काहीतरी म्हणायला लागलं असतं. की मग आजपर्यंत का उभं केलं? की मग मी तरी का उभा राहिलो होतो, मोटार सुटली तेव्हा? तर ते म्हणाले, "चल मग. काळं कर."

मारुतीनं वाकून नमस्कार केला, पायाला हात न लावता. फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला, वळला, आणि रोज संध्याकाळी प्रतापराव ज्या आवाजात त्याला म्हणायचे जवळजवळ त्याच आवाजात, पण त्यात वरून खाली काही नव्हतं, म्हणाला,

"जेवून घ्या, सरकार."

आणि गेला. फाटक त्यानं लावून घेतलं, नेहमीसारखं, कडी अडकवून.

प्रतापराव हिराजवळ उभे राहिले. दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून त्यांनी बानेटवर तळहात ठेवला. चटका बसला. घाटातली गरमी, महूची, राऊची, सगळी अजून आत होती, आणि आत काहीतरी लोखंड बारीक कटकट आवाज करून निवत होतं. त्यांनी हात काढला नाही. गेंदालालच्या खाटेवर आत्ता मारुती पोचला असेल. नाही, आधी गादी घेईल, झटकेल. बसेल का? बसेल. सगळे बसतात. अरे, या पागेत जो उभं राहायला शिकला तो कुठंही गेला तरी मधूनच उठून उभा राहील, बघा तुम्ही. मग वाटलं, नाही राहणार. या लोकांना विसरायला किती वेळ लागतो? त्यांनी डोळे मिटले. पागेच्या दुसऱ्या टोकाला बिजली आणि नीलम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी काही केल्या मान वळवली नसती.

घरात दिवा लागला. इंदुमतीबाई ओटीवर आल्या, मारुती गेला का म्हणून विचारलं, बानेटपाशी त्याच्या जागी ते उभे दिसले तेव्हा समजल्या. मग म्हणाल्या, दुपारचंही ताटात तसंच आहे, या, वाढते.

जेवून घ्या म्हणे. कोण हा सांगणारा? सुट्टी द्यायची ती मालकानं. या पागेत जा जेव म्हणायचा मान आबासाहेबांचा होता, मग त्यांचा स्वतःचा. ड्रायव्हर मालकाला सुट्टी देणार, आणि मालक त्याच्या सांगण्यावरून जाऊन पाटावर बसणार, भाकरी मोडणार? ते हलले नाहीत. आपल्या हातावर कुणाचा हात येतो का, असं जणू त्यांचं लक्ष होतं, आणि कुणाचाच येणार नव्हता, हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि त्याचाही त्यांना तिरस्कार वाटला.

रात्र बरीच चढल्यावर इंदुमतीबाईंनी परत हाक मारली.

"येतो," प्रतापराव म्हणाले. "गरम आहे अजून."

त्या कंदील घेऊन खाली आल्या, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हात बानेटवर टेकवला, त्यांच्या हाताच्या जरा बाजूला. पत्रा केव्हाच गार पडला होता, वर दंव धरायला लागलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग कंदील बानेटवर ठेवला आणि घरात निघून गेल्या.